हात दुखतो, पण दोष मुठीचा
विळा, खुरपे आणि सुरीची मूठ घरच्या घरी कशी सुधारावी?

निंदणीचे दिवस सुरू झाले की वस्तीतल्या बायांच्या तोंडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "रात्री हाताला मुंग्या येतात, झोपमोड होते." "सकाळी बोट वळलेलंच राहतं, दुसऱ्या हातानं सरळ करावं लागतं." शहरातल्या वस्तीत हेच दुखणे खानावळीत, मेसमध्ये किंवा केटरिंगवाल्याकडे दिवसभर कांदा-कोबी चिरणाऱ्या भगिनींना असते. त्यावर घरातले उत्तर ठरलेले असते. "वय झालं." "वात आहे." "कामच तसं आहे, सोसायचं." कोणी बाम चोळते, कोणी दुकानातून गोळी आणून घेते आणि दुसऱ्या दिवशी तेच खुरपे, तोच विळा, तीच सुरी हातात धरून कामाला लागते.

दुखणाऱ्या हाताकडे सगळे बघतात. त्या हातात दिवसभर काय होते, ते मात्र कोणी बघत नाही. बाजारात मिळणाऱ्या विळ्या-खुरप्यांच्या मुठी बहुतेक एकाच मापाच्या असतात. त्या बारीक असतात, गुळगुळीत असतात आणि बऱ्याचदा आखूडही असतात. पाते आपण पारखून घेतो, त्याची धार अंगठ्याने बघतो, पण मूठ बघत नाही. खरे तर पाते पिकाला लागते आणि मूठ आपल्याला लागते. रोजंदारी करणाऱ्या बाईचे भांडवल म्हणजे तिचा हात. एक बोट अडकले तरी तिची हजेरी बुडते. म्हणून या अंकात आपण मुठीबद्दल बोलू. ती सुधारण्याचा खर्च नाममात्र आहे आणि ते काम घरी करता येते.

बारीक मुठीने हाताला काय होते?

बोटे वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तिथून दोऱ्यांसारख्या नसा, ज्यांना डॉक्टर कंडरा म्हणतात, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. त्याच बोगद्यातून बोटांना संवेदना देणारी एक मज्जातंतूची शीरही जाते. हत्यार धरताना या कंडरा ओढल्या जातात.

मूठ बारीक असली की बोटे गरजेपेक्षा जास्त वळतात. टोके तळहातात रुततात. इतक्या वळलेल्या बोटांची पकड कमजोर असते. झाकण घट्ट बसलेली बाटली आपण पूर्ण हाताने धरतो, नुसत्या चिमटीत धरून फिरवत नाही, तसेच हे आहे. पकड कमी पडली की आपण नकळत आणखी जोराने आवळतो. घामाने किंवा दहिवराने मूठ निसटू लागली की त्याहून जोराने. हे दिवसातून हजारो वेळा होते. कंडरा घासून सुजतात, बोगद्यातली जागा कमी होते आणि शीर दाबली जाते.

यातून प्रामुख्याने तीन दुखणी होतात. पहिले, शीर दबल्यामुळे अंगठा, पहिली दोन बोटे आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होणे किंवा त्यांना मुंग्या येणे. हे रात्री जास्त जाणवते, हात झटकला की थोडे बरे वाटते. करंगळी मात्र यात सुटते, ही त्याची खूण. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. दुसरे, बोट वळल्यावर अडकणे आणि 'टक्' करून सुटणे, म्हणजे ट्रिगर फिंगर. तिसरे, अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखणे. पिळताना, उचलताना ती कळ येते.

मूठ आखूड असेल तर आणखी एक त्रास होतो. तिचे मागचे टोक तळहाताच्या मधोमध रुतते. तिथे घट्टा पडतो आणि खाली असलेल्या बारीक शिरांवर सतत दाब येतो. मूठ तळहाताच्या बाहेर थोडी निघालेली असावी, ती याचसाठी.

आधी मूठ मोजा

मोजायला एक दोरा आणि मुलांची शाळेची पट्टी पुरे.

जाडी: मुठीभोवती दोरा एकदा गुंडाळा आणि तो पट्टीवर ठेवा. बहुतेक बायांच्या हाताला साडेनऊ ते अकरा सेंटीमीटर घेर सोयीचा पडतो. मोठ्या हाताला बारापर्यंत चालतो. आपली मूठ सात-आठ सेंटीमीटर भरली तर ती बारीक आहे असे समजा. पट्टी नसेल तर हाताचीच खूण वापरा. मूठ नेहमीसारखी धरा. बोटांची टोके तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक. अंगठा आणि बोटांची टोके यांच्यात एका बोटापेक्षा जास्त फट राहत असेल तर मूठ जाड. अंगठ्याचे टोक पहिल्या बोटाच्या टोकाला टेकले किंवा त्यावर किंचित चढले, तर माप बरोबर.

लांबी: चार बोटे जुळवून मुठीवर ठेवा. दोन्ही बाजूंना मिळून किमान दोन बोटांची जागा उरली पाहिजे. म्हणजे साधारण दहा ते बारा सेंटीमीटर.

एकाच घरात सासूचा आणि सुनेचा हात वेगळा असतो, नवऱ्याचा त्याहून वेगळा. म्हणून शक्य असेल तर प्रत्येकीचे खुरपे वेगळे ठेवा आणि मुठीवर रंगाची खूण करा.

सुरुवातीला हे तपासा

पाते मुठीत हलत असेल तर त्यावर काहीही गुंडाळू नका. वरून मूठ छान दिसेल आणि ऐन कामात पाते निसटेल. पाते लोहाराकडून किंवा सुताराकडून पक्के करून घ्या. मुठीच्या तोंडाशी असलेली लोखंडी कडी घट्ट आहे का, लाकडाला चीर गेली आहे का, तेही बघा. काम करताना पात्यावर जाड गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा, म्हणजे हात कापणार नाही.

पद्धत पहिली: कापड आणि सायकलची ट्यूब

सायकल दुरुस्तीच्या दुकानात पंक्चर होऊन टाकलेली ट्यूब सहसा फुकट किंवा थोड्या पैशांत मिळते. तेवढीच ट्यूब आणि घरातले जुने सुती कापड लागते.

1. मूठ धुऊन पूर्ण वाळवा. कुसे निघाली असतील तर पॉलिश पेपरने घासून काढा.

2. सुती कापडाच्या दोन बोटे रुंद पट्ट्या फाडा. मुठीवर तिरप्या गुंडाळा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. ताण सारखा ठेवा, कुठे गाठ येऊ देऊ नका.

3. दोऱ्याने मोजत राहा. एक मिलिमीटर जाडीचा थर वाढला की घेर सुमारे सहा मिलिमीटर वाढतो. म्हणून दोन-चार वेढ्यांनीच बराच फरक पडतो. आपल्या मापाच्या किंचित आधी थांबा, कारण वर ट्यूब यायची आहे.

4. पट्टीचे टोक सुई-दोऱ्याने शिवून टाका. गाठ मारली तर ती तळहाताला टोचेल.

5. मुठीपेक्षा थोडा लांब ट्यूबचा तुकडा कापा. आतून साबणाचे पाणी लावा आणि मोज्यासारखा मुठीवर चढवा. तो ताणून बसला पाहिजे. चढत नसेल तर ट्यूब उभी चिरून पट्टी करा, ताणून तिरपी गुंडाळा आणि शेवटचे टोक आधीच्या वेढ्याखाली खुपसा.

6. एक-दोन दिवस सावलीत वाळू द्या. साबणाचे पाणी पूर्ण सुकले की ट्यूब लाकडाला घट्ट धरते. ओली असताना वापरली तर ती हातात फिरेल.

ट्यूबच्या रबराला घामातही पकड राहते, म्हणून हात कमी आवळावा लागतो. हंगामात एकदा ती काढून आतले कापड बदला. कापड ओले राहिले तर कुजते आणि आतले लाकूडही खराब होते.

पद्धत दुसरी: बॅटची ग्रिप

वस्तीत क्रिकेट खेळणारी पोरे असतातच. बॅटच्या दांड्यावरची रबरी ग्रिप नवी असो वा जुनी, ती विळ्याच्या मुठीवर उत्तम बसते. मूठ बारीक असेल तर आधी वर सांगितल्याप्रमाणे कापडाचे वेढे द्या. ग्रिप बाहेरून आत गुंडाळत जा आणि मग मुठीवर उलगडत चढवा. उरलेला भाग कापून टाका. पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे हात निसटत नाही.

पद्धत तिसरी: नवी लाकडी मूठ

मूठ आखूड असेल किंवा चिरली असेल तर ती बदलणेच बरे. सुताराकडे जाताना आपल्या मापाचा दोरा सोबत न्या आणि चार गोष्टी सांगा.

लाकूड पूर्ण वाळलेले असावे. ओल्या लाकडाची मूठ वाळल्यावर आकसते आणि पाते हलू लागते. बाभळीचे लाकूड चिवट असते, हत्यारांना ते पूर्वापार वापरतात.

आकार पूर्ण गोल नको, किंचित चपटा म्हणजे अंडाकृती असावा. गोल मूठ हातात फिरते, तिला थांबवायला आवळावे लागते. चपटी मूठ फिरत नाही, आणि न बघताही पात्याची दिशा हाताला कळते.

मागच्या टोकाला थोडा फुगवटा ठेवावा, म्हणजे ओढताना हात मागे निसटणार नाही. पात्याकडच्या टोकालाही बारीक उंचवटा असावा, म्हणजे बोटे पुढे घसरून पात्यावर जाणार नाहीत.

बोटांसाठी खोल खाचा मात्र पाडायला सांगू नका. दिसायला त्या छान वाटतात, पण त्या एकाच हाताच्या मापाच्या असतात. दुसऱ्याच्या बोटांना त्यांच्या कडा टोचतात, आणि स्वतःलाही पकड बदलता येत नाही. पकड बदलत राहणे हाताच्या आरामासाठी गरजेचे असते.

नवी मूठ बसली की जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, जास्तीचे पुसून घ्या आणि काही दिवस सावलीत वाळू द्या. लाकूड पाणी कमी पिते. एक काळजी घ्या. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंधी उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

स्वयंपाकाच्या सुरीचे नियम वेगळे

भाजी, मांस किंवा मासे कापायच्या सुरीला कापड गुंडाळू नका. त्यात ओल, रक्त आणि अन्नाचे कण अडकतात आणि जंतू वाढतात. टाकाऊ ट्यूबही तिथे नको. सुरीला जाड लाकडी मूठच बसवून घ्यावी, गुळगुळीत, फट नसलेली, रोज साबणाने धुता येईल अशी. धुऊन झाल्यावर ती पाण्यात बुडवून ठेवू नका. पुसून कोरडी ठेवा.

विकत घ्यायची असेल तर जाड, न घसरणाऱ्या मुठीची घ्या. अशा मुठींची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकेत सॅम फार्बर नावाच्या उद्योजकाच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता. नेहमीच्या बारीक मुठीच्या सोलणीने त्यांना सोलताना त्रास व्हायचा. त्यातून जाड, मऊ रबरी मुठीची भांडी-अवजारे तयार झाली आणि 1990 साली 'ऑक्सो' या नावाने बाजारात आली. दुखऱ्या हातासाठी केलेली मूठ धडधाकट हातांनाही आवडली आणि जगभर खपली. धडा सरळ आहे. हात दुखणाऱ्या बाईला सोयीची वाटते ती मूठ सगळ्यांनाच सोयीची असते.

मेसमध्ये किंवा केटरिंगच्या कामावर सुरी मालकाची असते. तिथे सगळ्या जणींनी मिळून मालकाला सांगावे. सुरीच्या मुठीचा खर्च किरकोळ आहे आणि काम भरभर होण्यात त्याचाही फायदा आहे.

मनगट सरळ, धार चांगली

मुठीच्या जाडीइतकेच महत्त्व मनगटाला आहे. मनगट वाकवून जोर लावला की तो अरुंद बोगदा आणखी दबतो. विळा ओढताना हात आणि मनगट एका रेषेत राहील असे धरा. जमिनीलगत कापताना बोटांची पेरे ढेकळांवर घासतात, म्हणून मनगट वाकवावे लागते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या सुधारित विळ्याच्या लाकडी मुठीला मागच्या बाजूला मुद्दाम बाक दिलेला आहे. पकड चांगली बसावी आणि हाताला इजा होऊ नये हा त्याचा हेतू. शेतात राबणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या शरीराची मापे घेऊन अवजारे कशी असावीत याचा अभ्यास ही संस्था करते. म्हणजे मूठ हातासारखी हवी, ही मागणी लाडाची नाही, ती शास्त्राला धरून आहे.

दुसरी गोष्ट धारेची. बोथट पात्याला जास्त जोर लागतो आणि तो सगळा मुठीतून हातावर येतो. कितीही चांगली मूठ बोथट पात्याची भरपाई करू शकत नाही. सकाळी निघण्याआधी विळ्याला, खुरप्याला कानस किंवा धार लावायचा दगड फिरवा. दातेरी विळ्याला रोज धार लावावी लागत नाही. कापणीसाठी तो सोयीचा पडतो.

हे करू नका

पिशव्यांचे प्लास्टिक किंवा वायरमनची गुळगुळीत टेप एकटी गुंडाळू नका. घामाने ती निसटते. तार गुंडाळू नका, खिळा ठोकू नका. लाकूड चिरते आणि टोक बाहेर येते. मूठ गरजेपेक्षा जाड करू नका. जाड मुठीनेही हात थकतो. नव्या मुठीने पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी काढू नका. तास-दोन तास वापरा, मग तळहात बघा. जिथे लाल वळ उठला असेल तिथे मूठ टोचते आहे, तेवढी जागा सारखी करा.

मूठ बदलली तरी हाताला विश्रांती लागतेच. दर तासाला दोन-तीन मिनिटे हत्यार खाली ठेवा. बोटे पूर्ण पसरा, पाच मोजा, हलकी मूठ वळा, पुन्हा पसरा. असे दहा वेळा करा. जमत असेल तर कधी उजव्या, कधी डाव्या हाताने काम करा.

डॉक्टरकडे कधी जावे?

मुठीने त्रास टळतो, सुरुवातीचा त्रास कमीही होतो. जुना आजार मात्र मुठीने बरा होत नाही. खालीलपैकी काही असेल तर सरकारी दवाखान्यात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवा.

मुंग्या किंवा बधिरपणा आठवड्यांनी राहिला आहे. कप, तांब्या हातातून निसटतो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होत चालला आहे. बोट रोज अडकते. सांधा सुजून लाल आणि गरम झाला आहे.

मधुमेह आणि थायरॉइडचा आजार असलेल्यांना, तसेच गरोदर बायांना हाताच्या मुंग्यांचा त्रास जास्त होतो. म्हणून साखर तपासून घ्या. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, इंजेक्शन किंवा गरज पडल्यास लहानशी शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. उशीर झाला तर शीर कायमची कमजोर होऊ शकते. बोट ओढून मोडून घेणे, गरम सळईचा चटका देणे हे प्रकार टाळा. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्यांनी पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते.

खुरपे किंवा विळा लागलाच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. माती, तंबाखू, चुना लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ते तिथे मोफत मिळते. मधुमेह असेल तर लहान जखमही दाखवा. बधिर हाताला ती जाणवत नाही आणि चिघळल्यावरच कळते.

एका संध्याकाळचे काम

निंदणीचे दिवस आणि वर्षावासाचे दिवस एकच. विहारात संध्याकाळी ग्रंथवाचनाला महिला मंडळ जमतेच. त्यातल्या एका दिवशी वाचन संपल्यावर प्रत्येकीने आपले विळे-खुरपे पाते बांधून सोबत आणावे. एकीने दोरा-पट्टी, एकीने जुने कापड, एखाद्या तरुणाने दोन-चार ट्यूब आणि कात्री आणावी. तासाभरात दहा-बारा मुठी सहज तयार होतील. ज्यांचे हात आधीच दुखतात त्यांची हत्यारे आधी घ्या. आठ दिवसांनी एकमेकींना विचारा की रात्रीच्या मुंग्या कमी झाल्या का, वळ उठतो का. ज्यांना फरक पडला नाही त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जा. एकटी बाई दवाखाना पुढे ढकलत राहते. सोबत असली की जाते.